जुन्या लॅपटॉपवर जुनी कार्यप्रणाली : बेगम बाजाराच्या निमित्ताने



हैदराबाद शहरात मुसी नदीच्या उत्तरेस, अफजलगंज आणि उस्मानगंज यांच्या लगत, बेगम बाजार ही घाऊक व्यापाराची जुनी पेठ आहे. दुसरे आसफजाह निजाम अली खान यांच्या पत्नी हमदा बेगम यांनी व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर ती वसली, असे तिच्या नावाविषयी सांगितले जाते. किराणा, सुका मेवा, भांडीकुंडी, खेळणी, पूजेचे साहित्य अशा अनेक मालाची तेथे घाऊक विक्री चालते. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे नांदेड, लातूर, धाराशिव या भागांतील दुकानदारांचा या पेठेशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. पेठेतील पद्धती कळत-नकळत गावच्या दुकानापर्यंत येतात, आणि त्यांबरोबर पेठेतील अडचणीही येतात.

अशीच एक अडचण आजच्या विवेचनाचा विषय आहे. दुकानाच्या गल्ल्याशेजारी दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप असतो. घेतला तेव्हा त्यावर विंडोज ७ ही कार्यप्रणाली होती. पुढे २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आली आणि पहिले वर्षभर ती विनामूल्य देण्यात आली, म्हणून ती बसविण्यात आली. तेव्हापासून यंत्र सकाळी सुरू होण्यास दहा मिनिटे घेते, गिऱ्हाईक उभे असताना बिल निघत नाही आणि जुना डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्र मधूनच ओळख विसरतो. मग कोणीतरी जाणकार सुचवितो की, ‘पहिली विंडोज परत टाका, यंत्र पहिल्यासारखे धावेल.’ हीच सूचना ग्रामपंचायतीच्या कचेरीत आणि शाळेच्या संगणक कक्षातही ऐकू येते. ती सर्वस्वी चुकीची नाही. परंतु तिच्यातील अर्धाच भाग सांगितला जातो, आणि न सांगितलेल्या अर्ध्या भागात दुकानाचे हिशेब व कचेरीचे दप्तर अडकलेले असते.

कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम, ही यंत्र आणि त्यावर चालणारी कामे यांच्यामधील कारभारी होय. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर कसे उमटावे, फाइल डिस्कवर कोठे ठेवावी, प्रिंटरला कोणत्या भाषेत हुकूम द्यावा, ही व्यवस्था ती पाहते. कारभारी बदलला की सर्व हुकूमनामे बदलतात. जुना कारभारी परत बोलावला तर त्याला माहीत असलेली कामे तो झटपट करतो, पण तो गेल्यानंतर जे नवे निर्माण झाले ते त्याला ओळखता येत नाही.

आता यंत्र संथ का होते ते पाहिले पाहिजे. कागदोपत्री विंडोज ७ आणि विंडोज १० यांची किमान गरज जवळजवळ सारखीच सांगितलेली आहे. चौसष्ट बिटांच्या आवृत्तीस दोन्ही ठिकाणी दोन गिगाबाइट मेमरी पुरेशी म्हटली आहे. प्रत्यक्षात नवी प्रणाली पडद्यामागे सतत काही ना काही करीत असते. ती अद्ययावत भाग उतरवून घेते, विषाणूंचा शोध घेते, फाइलींची सूची तयार करते. जुन्या लॅपटॉपातील फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला हा भार पेलत नाही. म्हणून अनेक ठिकाणी दोष कार्यप्रणालीचा मानला जातो, पण खरा अडसर डिस्कचा असतो. फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसविली आणि मेमरी दोनाची चार किंवा आठ गिगाबाइट केली, तर आहे त्याच प्रणालीवर यंत्र ओळखू न येण्याइतके चपळ होते. सिकंदराबादच्या पार्कलेन भागातील चिनॉय ट्रेड सेंटरसारख्या संगणकांच्या बाजारात हे काम थोड्या वेळात करून मिळते. पंख्यात साचलेली धूळ काढणे हाही एक उपाय आहे. मिरचीच्या व हळदीच्या दुकानातील लॅपटॉपची झडप एकदा उघडून पाहिली म्हणजे त्याची आवश्यकता वेगळी सांगावी लागत नाही.

एवढे करूनही भागत नसेल, तर मागे जाण्याचा विचार करण्यास हरकत नाही. काही वेळा तो योग्यच ठरतो. एखादे जुने हिशेबाचे सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालतच नाही. एखाद्या वजनकाट्याचा किंवा छपाईयंत्राचा ड्रायव्हर जुन्या प्रणालीपुरताच तयार झालेला असतो.

मागे जाण्याचे मार्ग

नवी प्रणाली नुकतीच बसविली असेल तर परतीची वाट सोपी असते. विंडोज आपली आधीची आवृत्ती काही दिवस एका वेगळ्या फोल्डरमध्ये राखून ठेवते आणि सेटिंग्जमधील परतीच्या आदेशाने ती पुन्हा जागेवर आणता येते. विंडोज १० मध्ये ही मुदत प्रथम तीस दिवसांची होती, ती २०१६ साली दहा दिवसांवर आली. विंडोज ११ मध्येही ती दहा दिवसांचीच ठेवण्यात आली. मुदत संपल्यावर ते फोल्डर आपोआप पुसले जाते. त्यानंतर एकच मार्ग उरतो, तो म्हणजे डिस्क कोरी करून जुनी प्रणाली नव्याने बसविणे. ‘मागे जाणे’ हा शब्दप्रयोग येथे फसवा आहे. यंत्र मागे जात नाही, ते रिकामे होते.

या कामात परवान्याचा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. विंडोज ७ सह विकल्या गेलेल्या लॅपटॉपच्या पोटाशी एक चिकटपट्टी असते व तिच्यावर पंचवीस अक्षरांची किल्ली छापलेली असते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने ती पुसट होते, म्हणून आजच ती वहीत उतरवून ठेवावी. विंडोज ८ पासून ही किल्ली यंत्राच्या आतील चिपमध्येच नोंदविली जाऊ लागली, त्यामुळे पट्टीचा आधार राहिला नाही. यंत्राबरोबर आलेल्या ‘प्रो’ आवृत्तीच्या परवान्यात जुन्या आवृत्तीवर जाण्याचा हक्क दिलेला असतो, घरगुती ‘होम’ आवृत्तीत तो नसतो. बाजारात पाच-पन्नास रुपयांत मिळणाऱ्या तयार पेन ड्राइव्हवरील विंडोज कोठून आली आणि तिच्यात कोणी काय घातले आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. ज्या यंत्रातून बँकेचे व्यवहार व्हावयाचे आहेत त्यावर अशी प्रणाली बसविणे म्हणजे तिजोरीची किल्ली अनोळखी माणसाने घडविलेली वापरण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न ड्रायव्हरचा. लॅपटॉप जितका नवा, तितके त्यावर जुनी प्रणाली बसविणे कठीण. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरना विंडोज ७ चा अधिकृत आधारच मिळाला नाही. यूएसबी ३ जातीच्या खाचांची माहिती विंडोज ७ च्या मूळ संचात नाही, त्यामुळे ज्या पेन ड्राइव्हवरून काम सुरू केले तोच अर्ध्या वाटेवर दिसेनासा होतो आणि माउसही हलत नाही. म्हणून यंत्र कोरे करण्यापूर्वीच उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नेटवर्क, ध्वनी, पडदा व टचपॅड यांचे ड्रायव्हर उतरवून वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवले पाहिजेत. नेटवर्कचा ड्रायव्हर नसेल तर इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नसेल तर ड्रायव्हर मिळत नाही, या चक्रात अनेकजण सापडतात. आणखी एक लहान बाब अशी की, जुन्या लॅपटॉपातील घड्याळाचा बटणासारखा सेल बहुधा संपलेला असतो. त्यामुळे तारीख कित्येक वर्षे मागे जाते, सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि बिलांवर भलतेच साल पडते. तो सेल बदलण्यास फारसा खर्च येत नाही.

हिशेबाचे आणि लिपीचे दप्तर

सर्वांत अधिक विचार करावयाचा तो यंत्रात लिहून ठेवलेल्या मजकुराचा. बेगम बाजाराचा इतिहासच येथे उपयोगी पडतो.

हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे नाणे होते. हाली सिक्का म्हणून ओळखले जाणारे हे चलन आणि कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया, यांची किंमत सारखी नव्हती. सात हाली रुपयांस सहा भारतीय रुपये असा भाव पुढे ठरला. संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले तरी हाली सिक्का एका दिवसात नाहीसा झाला नाही. भारतीय रुपयाबरोबर तो चालत राहिला आणि १९५९ साली पूर्णपणे बंद झाला. दरम्यान १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले, आणि १९५८ पासून शेर-मणाच्या जागी टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. म्हणजे त्या काळी हैदराबादच्या पेठेतील मुनिमाला दोन चलने, दोन प्रकारची सुटी नाणी आणि दोन प्रकारची मापे एकाच वेळी सांभाळावी लागली. हे जमले, कारण जुने आणि नवे काही काळ शेजारी शेजारी चालू देण्यात आले आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर करण्याची कोष्टके दुकानात टांगलेली होती.

लिपीच्या बाबतीत मात्र असे झाले नाही. मारवाडी व्यापाऱ्यांच्या वह्या महाजनी लिपीत आणि मराठी व्यापाऱ्यांच्या व कचेऱ्यांच्या मोडीत लिहिल्या जात. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली. वह्या राहिल्या, वाचणारे गेले. आज जमिनीच्या जुन्या कागदासाठी मोडी जाणणारा शोधावा लागतो, याचा अनुभव महसूल खात्यातील अधिकाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना सारखाच आहे. महाजनी आणि मोडी या दोन्ही लिपींना संगणकाच्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत २०१४ साली एकाच आवृत्तीत स्थान मिळाले, हा योगायोग लक्षणीय आहे. पण तोपर्यंत दोन पिढ्या निघून गेल्या होत्या.

संगणकातील मराठीवर हाच प्रसंग दुसऱ्यांदा आला आहे. १९९० च्या दशकात व त्यानंतरही बरीच वर्षे श्रीलिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरमधून मराठी मजकूर टंकित होत असे. त्या काळची मराठी टंकनाची युक्ती अशी होती की, इंग्रजी अक्षरांसाठी राखून ठेवलेल्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसविले जात. पडद्यावर ‘क’ दिसे, पण यंत्राच्या पोटी एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असे. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. ज्या यंत्रात तो विशिष्ट फॉन्ट नाही, तेथे सबंध ठराव किंवा मुख्याध्यापकांचा अहवाल रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग दिसतो. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला तिचे स्वतःचे क्रमांक मिळाले आणि विंडोज २००० पासून सामान्य यंत्रावर त्याचा उपयोग करता येऊ लागला. तरीही जुन्या फॉन्टमधील फाइली असंख्य दप्तरांत तशाच पडून आहेत.

आता समजा, अशा फाइली असलेला लॅपटॉप जुन्या प्रणालीवर नेण्यासाठी कोरा केला. फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, पण फॉन्ट घेण्याचे राहिले, कारण फॉन्ट ‘माझे दस्तऐवज’ या फोल्डरमध्ये नसतात, ते प्रणालीच्या फोल्डरमध्ये असतात. त्या सॉफ्टवेअरची चकती किंवा यूएसबी कुलूप वीस वर्षांत हरवलेले असते. फाइल आहे, आणि वाचता येत नाही. मोडी वाचणारा निदान शोधून सापडतो, हरवलेला फॉन्ट सापडेलच असे नाही. म्हणून यंत्राला हात लावण्यापूर्वी फॉन्टचे संपूर्ण फोल्डर प्रत करून ठेवावे, महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफ करून घ्यावी, आणि शक्य तितका मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तनानंतर जोडाक्षरे, रफार आणि अंक डोळ्यांनी तपासावे लागतात. हे काम शाळेतील शिक्षकांनी हाती घेतले तर ते अधिक चांगले होईल, कारण ‘कार्य’ आणि ‘कायर्’ यांतील फरक यंत्राच्या नजरेतून सुटतो, शिक्षकांच्या सुटत नाही.

उलट दिशेनेही अडचण येते. आज युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर जुन्या प्रणालीत नेला तर विंडोज एक्सपीवर भारतीय लिपींची सोय मुद्दाम चालू करावी लागते, आणि त्यासाठी मूळ चकती लागते. विंडोज ७ वर मराठी दिसते, पण विंडोज ८ बरोबर आलेला निर्मला हा फॉन्ट तेथे नसतो. त्यामुळे दुसरा फॉन्ट त्याची जागा घेतो आणि एका पानाचे निवेदन दीड पानावर जाते. आणखी एक उदाहरण व्यापाऱ्यांना विशेष पटेल. रुपयाचे ‘₹’ हे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. विंडोज ७ त्यापूर्वीच, २००९ साली, बाजारात आली होती. तिला हे चिन्ह पुढे स्वतंत्र दुरुस्तीद्वारे शिकवावे लागले. मूळ चकतीवरून ती नव्याने बसविली आणि दुरुस्ती केली नाही, तर बिलावर रकमेपूर्वी रुपयाच्या जागी रिकामी चौकट छापली जाते.

हिशेबाच्या फाइलींविषयी नियम सरळ आहे. हिशेबाचे सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीत जाताना जुनी माहिती आपल्या पद्धतीने बदलून घेते. नव्याने लिहिलेली माहिती जुन्या आवृत्तीत बहुधा उघडत नाही. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने जतन करावी लागतात. अधिकाऱ्याने पाच वर्षांपूर्वीची विक्री पाहावयास मागितली आणि ती फाइल कोणत्याच यंत्रावर उघडेना, तर ‘विंडोज बदलली’ हे उत्तर पुरेसे होत नाही. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना १ एप्रिल २०२३ पासून फेरफारांचा माग ठेवणारेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक झाले, त्यामुळे त्यांच्यासाठी जुन्या सॉफ्टवेअरकडे परतण्याची वाट बहुतेक बंदच आहे.

इंटरनेटचा प्रश्न

कोणतीही कार्यप्रणाली निर्दोष नसते. तिच्यातील भेगा सापडत जातात आणि निर्माता त्या बुजवीत राहतो. हे काम बंद झाले म्हणजे प्रणाली मृत होत नाही, पण तिच्या भेगा उघड्या राहतात. विंडोज एक्सपीचे हे काम ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज ८.१ चे १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. शेवटच्या प्रणालीसाठी घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची सवलत ठेवण्यात आली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर लागतो. जुने लॅपटॉप या अटीत बसत नाहीत, म्हणूनच हा प्रश्न आज इतक्या जणांपुढे एकदम उभा राहिला.

भेगा उघड्या राहिल्या तर काय होते हे मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने दाखविले. ब्रिटनमधील रुग्णालयांची कामे त्याने ठप्प केली आणि आंध्र प्रदेश पोलिसांच्याही काही संगणकांना त्याची झळ लागली. तेव्हा सर्वत्र एक्सपीला दोष देण्यात आला. पुढे असे आढळले की, बाधित यंत्रांपैकी बहुतांश विंडोज ७ वर चालणारी होती. तिची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ती केवळ बसविण्यात आली नव्हती. प्रणालीचे वय आणि तिची निगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निगा राखणेच अशक्य झालेली प्रणाली मात्र बँकेच्या, कराच्या किंवा शासकीय संकेतस्थळांच्या कामास वापरू नये. गुगलचा क्रोम हा ब्राउझरही विंडोज ७ आणि ८.१ साठी आवृत्ती १०९ वर, २०२३ च्या आरंभी, थांबला. त्यामुळे आजची अनेक संकेतस्थळे तेथे नीट उघडत नाहीत, हे ओघानेच आले.

तात्पर्याने नव्हे, पण व्यवहाराच्या दृष्टीने दुकानात पुढील व्यवस्था सोयीची ठरते. जुन्या प्रणालीचा लॅपटॉप केवळ बिले छापण्यास, जुन्या वह्या उघडण्यास किंवा काट्याला जोडण्यास ठेवावा आणि त्याचा इंटरनेटशी संबंध तोडावा. कराचे विवरणपत्र, बँक आणि पत्रव्यवहार यांसाठी वेगळे, अद्ययावत यंत्र असावे. दोन यंत्रे परवडत नसतील तर जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसविण्याचा पर्याय आहे. ती विनामूल्य असून तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रांवर चांगल्या चालतात व दुरुस्त्याही मिळत राहतात. प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅक, या संस्थेने भारतीय भाषांच्या सोयीसह ‘बॉस’ नावाची आवृत्ती तयार केली आहे, आणि केरळच्या शाळांनी अनेक वर्षांपूर्वीच लिनक्सचा अंगीकार केला. विंडोजसाठी लिहिलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर तेथे सरळ चालत नाही ही अडचण दुकानदाराला आहे, शाळेला सहसा नाही.

ज्यांना मागे जावयाचेच आहे त्यांनी जुनी डिस्क पुसू नये. ती यंत्रातून काढून ठेवावी, नवी एसएसडी बसवावी आणि जुनी कार्यप्रणाली त्या कोऱ्या एसएसडीवर घालावी. काही बिघडले तर चार खिळे उलगडून पहिली डिस्क परत लावता येते. नव्या व्यवस्थेवर किमान एक महिना, शक्यतर तिमाहीचा हिशेब पुरा होईपर्यंत, काम करून पाहावे. मागील वर्षाची चार बिले, एक मराठी पत्र आणि एक ताळेबंद उघडून व छापून तपासावा. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन चालते की नाही तेही त्याच वेळी पाहावे, विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी नव्हे. काढलेली डिस्क कापडात किंवा प्लास्टिकच्या डबीत घालून तिच्यावर चिठ्ठी चिकटवावी. चिठ्ठीवर दुकानाचे नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे हिशेब आत आहेत, कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत ते उघडतात, मराठी मजकूर कोणत्या फॉन्टमध्ये आहे आणि परवान्याची किल्ली कोठे लिहून ठेवली आहे, एवढे शाईने लिहावे आणि ती डबी वह्यांच्या कपाटातच ठेवावी.